जिल्हा परिषदेत नवा अभियंता: पहिल्या पावसाआधी काय शिकून घ्यावं

बांधकाम उपविभागात कनिष्ठ अभियंता किंवा स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक म्हणून हजर झालात की हातात रस्त्यांची यादी येते. लांबी, रुंदी, शेवटचं डांबरीकरण कधी झालं, सगळं तिच्यात असतं. पाणी रस्ता कुठे ओलांडतं, एवढंच नसतं. आणि नाशिक जिल्ह्यातला रस्ता वाहनांपेक्षा पाण्यानेच जास्त मोडतो.

पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. फसगत होते ती पूर्वेकडे. येवला, नांदगाव, सिन्नरकडे नाला वर्षातले बरेच महिने कोरडा असतो. शेजारचा शेतकरी हळूहळू त्यात नांगर घालतो, बांध सरकवतो आणि नाला नकाशावरच उरतो. मग एखाद्या वळवाच्या सरीत पाणी जुनी वाट शोधत येतं आणि रस्ता उचलून नेतं. निफाड-दिंडोरीच्या बागायती पट्ट्यात शेतात जायला चरावर मुरूम टाकून केलेली वाट हेच काम करते. तिच्याखाली पाइप नसला तर चर तिथेच संपतो.

आधी रस्ता कुणाचा ते बघा. राष्ट्रीय महामार्ग सोडले, तर राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा आणि ग्रामीण मार्ग म्हणजे ग्रामा जिल्हा परिषदेकडे. रस्ते विकास आराखड्यात ज्याला क्रमांक नाही, त्यावर निधी टाकताना फाइल अडते. सरपंच कितीही खात्रीने सांगोत, क्रमांक स्वतः तपासा. देखभाल-दुरुस्तीचा पैसा 3054 या लेखाशीर्षातून येतो, नवीन बांधणी आणि सुधारणेचा 5054 मधून. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात नवी मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, बसवू गेलात तर ते परत येणार, हे गृहीत धरा.

मे महिन्यात प्रत्येक मोरी पायी चालत बघा, गाडीतून नाही. सोबत टेप, फावडं, रंगाचा डबा आणि मोरी किती बुजली ते मोजायला एक काठी असू द्या. अर्ध्याहून जास्त बुजलेल्या मोऱ्यांची यादी वेगळी करा आणि गाळ काढण्याचं काम तिथून सुरू करा. काढलेला गाळ काठावर ठेवू देऊ नका, पहिल्याच पावसात तो परत आत जातो. पुराची पातळी कागदावर शोधण्याआधी झाडाच्या बुंध्याला अडकलेला पालापाचोळा बघा आणि गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. दोन-तीन जणांनी दाखवलेली खूण जुळली, की लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, लावून ती नोंदवा.

नळीची मोरी हे नवख्याच्या वाट्याला येणारं पहिलं काम. दिसायला सोपं, आणि बिघडतंही तितक्याच सहज. ग्रामीण रस्त्याला 1000 मिमी व्यासाचा ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटची नळी, धरतात. पाइप अडीच मीटरचा येतो, म्हणजे साडेसात मीटर रुंदीच्या रस्त्याला किमान तीन. दोनच पाइप टाकून बाजूच्या भिंती आत ओढल्या की त्या जागी रस्ता अरुंद होतो आणि उसाचा ट्रॅक्टर रात्री तिथेच कलंडतो. पाइप उतरवतानाच त्यावरचा शिक्का वाचा. जास्त भार सोसणारा एनपी-3 मागवलेला असताना कमी ताकदीचा एनपी-2 आला, तर तो जमिनीत गेल्यावर कुणालाच ओळखता येत नाही.

पाइपचा तळ नाल्याच्या नैसर्गिक तळाशी जुळला पाहिजे. खाली बसवला तर गाळाने भरतो. वर बसवला तर अलीकडे पाणी तुंबतं आणि पलीकडे धबधब्यासारखं पडून पाया खणून काढतं. उतरत्या बाजूचं दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, आणि आडवी भिंत वाचवायला जाऊ नका. भराव मुरमाचा हवा. खोदून निघालेली काळी माती परत ढकलली तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मोरीच्या दोन्ही बाजूंना रस्ता खचतो. दीडशे मिमीचे थर, दोन्ही अंगांनी बरोबरीने, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस. पाइपच्या माथ्यावर किमान 600 मिमी भराव होईपर्यंत रोलर वर जाऊ देऊ नका.

डांबराचं थोडक्यात. रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे अडीच टक्क्यांच्या आसपास उतार हवा. साइडपट्टीचा उतार त्याहून किंचित जास्त. साइडपट्टी डांबरापेक्षा उंच झाली की पाणी रस्त्यावरच साचतं, आणि दरवर्षीचे बरेच खड्डे त्यातूनच येतात. खड्डा बुजवताना चौकोनी, उभ्या कडांचा कापा, धूळ झाडा, इमल्शन म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर मारा, ते तपकिरीचं काळं होईपर्यंत थांबा. व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचं मिश्रण अंथरताना 140 अंश सेल्सिअसच्या वर आणि दाबताना 90 च्या वर असावं. तापमापी स्वतःची ठेवा, प्लँट लांब असला की शेवटचा डंपर थंड आलेला असतो.

जलसंधारण विभागात गेलात तर कोल्हापूर पद्धतीचे, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत फळ्या घालून पाणी अडवणारे, बंधारे तुमचे. फळ्या घालायच्या कधी, यावर दरवर्षी वाद होतो. परतीचा पाऊस बाकी असताना घातल्या तर पूर कडेच्या भिंतीला वळसा घालून काठच कापतो, बंधारा मधोमध उभा आणि नदी बाजूने वाहते. उशीर केला तर वाहतं पाणी निघून जातं. ऑक्टोबरच्या मध्यावर बहुतेक जण येऊन थांबतात, पण तारखेपेक्षा वरच्या धरणाचा विसर्ग बघावा. घालण्याआधी खांबांच्या खाचा आणि तळाचा उंबरा खरवडून साफ करा. सगळ्यात खालची फळी एका गोट्यावर टेकली तर वरची प्रत्येक फळी तिरकी बसते आणि हंगामभर गळती चालू राहते. रबराचं सील दरवर्षी तपासा. फळ्यांवर गाळ्याचा क्रमांक रंगवा, कारण वाकलेली फळी दुसऱ्या गाळ्यात बसत नाही. पावसाआधी काढलेल्या फळ्या काठावर टाकल्या की भंगारात जातात. ग्रामपंचायतीकडे मोजून, पोच घेऊनच सोपवा. फळ्या काढतानाही वरच्या गावाचा विरोध होईल, कारण पाणी त्यांच्या विहिरींना असतं. त्याची तयारी आधी बैठकीत करा.

गोदावरीकाठी, चांदोरी-सायखेड्याच्या बाजूला, पाणवेली पुलाच्या खांबांत अडकते आणि पाणी मागे फुगवते. काढलेली पाणवेली पूररेषेच्या बाहेरच टाका. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई असते, तेव्हा तिथे शेड मागणाऱ्याला तोंडी काही कबूल करू नका.

पेठ-सुरगाण्यात रस्ता वनजमिनीतून जातो का हे अंदाजपत्रकाआधी पाहा. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) खाली एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं जात नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीने गावाच्या रस्त्याला वाट निघते. हा ठराव आधी घ्या, कार्यारंभ आदेशानंतर नाही.

शेवटी मोजमाप पुस्तक, म्हणजे एमबी. जे झाकलं जाणार ते झाकण्याआधी मोजा: खोदाईची खोली, पाइपखालचं काँक्रीट, भरावाचे थर. नोंद जागेवरच करा, चिठ्ठीवरून संध्याकाळी उतरवू नका. चूक झाली तर एक रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. पान फाडायचं नाही, मधलं पान कोरं सोडायचं नाही. बदली झाली की सगळी एमबी यादी करून, पोच घेऊन सोपवा आणि पोचेची प्रत घरी ठेवा. लेखापरीक्षणाची विचारणा कधीकधी तुम्ही तिसऱ्या तालुक्यात असताना येते.