आया सोफियात चर्च कसं वाचावं

इस्तंबूलची आया सोफिया 537 साली चर्च म्हणून पुरी झाली, 1453 मध्ये मशीद झाली, 1935 पासून संग्रहालय होती आणि 2020 पासून पुन्हा मशीद आहे. 2024 पासून परदेशी पर्यटकांना 25 युरोचं तिकीट काढून फक्त वरच्या सज्जात जाता येतं. तळमजला नमाजींसाठी. हळहळू नका, ख्रिस्ती काळाच्या बोलक्या खुणा बहुतेक वरच आहेत. शुक्रवारची दुपार टाळा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बायकांना डोक्यावर ओढणी. आणि 8 पट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्याच.

सुरुवात पश्चिम सज्जातून करा. मधोमध फरशीत हिरव्या दगडाचं वर्तुळ आहे. ती सम्राज्ञीची जागा. तिथून समोर पाहिलं की अर्धगोल कोनाड्याचा मध्य आणि मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारी कमान, एका रेषेत नाहीत हे लक्षात येतं. चर्चचा रोख साधारण पूर्वेला. मक्का त्याहून दक्षिणेकडे, म्हणून मिहराब उजवीकडे सरकलाय. ही तिरपी जोडणी एकदा दिसली की जुनं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे ओळखणं सोपं जातं.

आता मान वर. घुमटाखालच्या चार कोपऱ्यांत पंखवाले देवदूत आहेत. पूर्वेचे दोन मोझेकचे, म्हणजे रंगीत काचा-दगडांच्या तुकड्यांचे, पश्चिमेचे दोन 1847–49 च्या दुरुस्तीत फोसाती या वास्तुकार बंधूंनी रंगवलेले. चेहऱ्यांवर धातूची झाकणं आहेत. ईशान्येकडच्याचं 2009 मध्ये काढलं.

कठड्यांकडे कुणी बघत नाही, ही मोठी चूक. संगमरवरातल्या क्रुसांचे आडवे हात तासून टाकलेत, उभी दांडी राहिलीय. समोरून बघाल तर काही दिसणार नाही. प्रकाश तिरपा पडेल अशा बाजूने वाका, मग पुसलेला हातही उमटतो.

दक्षिण सज्जात येशू, त्याची आई मरियम आणि बाप्तिस्मा देणारा योहान यांचं तेराव्या शतकातलं मोझेक आहे. खालचा बराच भाग गेलाय. खिडकी डाव्या हाताला आहे आणि चेहऱ्यांवरच्या छायाही त्याच बाजूच्या उजेडाला धरून रचल्यात. म्हणून फ्लॅश मारू नका. मारलात की चेहरे सपाट होतात.

पूर्व टोकाला अकराव्या शतकातल्या झोई सम्राज्ञीचं मोझेक, मधे येशू, बाजूंना ती आणि तिचा नवरा. तिन्ही चेहरे नंतर बदललेले, नवऱ्याचं नावही. आताचं नाव तिच्या तिसऱ्या नवऱ्याचं, नववा कॉन्स्टंटाइन. शेजारी सम्राट दुसरा योहान कोम्निनोस आणि त्याची बायको इरिनी. त्यांचा मुलगा अलेक्सिओस बाजूच्या खांबाच्या कडेवर आहे. समोर उभे राहणाऱ्यांच्या नजरेतून तो हमखास निसटतो.

नैऋत्येच्या देवडीतून बाहेर निघताना मागे वळा. दारावरच्या मोझेकमध्ये मरियमला डावीकडून हे चर्च बांधणारा सम्राट जस्टिनियन चर्च देतोय, उजवीकडून शहर वसवणारा पहिला कॉन्स्टंटाइन शहर.