अंडर-१९ ची आंतरराष्ट्रीय मॅच पोरींना कशी दाखवायची

आमच्या तालुक्यात व्हॉलीबॉल म्हटलं की लोकांना आधी शूटिंग व्हॉलीबॉल (चेंडू थेट पलीकडे मारायचा गावाकडचा प्रकार) आठवतं, आणि त्या मैदानावर मुली फारशा दिसत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी माझ्याकडे सरावाला येणाऱ्या पोरींनी आपल्याच वयाच्या मुली देशाच्या जर्सीत खेळताना पाहिलेल्या नसतात. त्यांना ते दाखवायलाच हवं. पण नुसता मोबाईल हातात देऊन काही होत नाही. त्या स्मॅश बघतात, ओरडतात आणि घरी जातात. मी कशी दाखवते ते सांगते.

आधी मॅच निवडा. मुलींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा विषम वर्षी होते. २०२१ पर्यंत ती अंडर-१८ होती, २०२३ पासून अंडर-१९ झाली. व्हॉलीबॉल वर्ल्डच्या यूट्यूब चॅनेलवर या वयोगटाच्या पूर्ण मॅचेस सापडतात. हायलाइट्स अजिबात नको, त्यात रिसिव्ह (समोरून आलेली सर्व्हिस उचलणं) कापलेला असतो. शक्यतो जपानची मॅच घ्या, समोर उंच युरोपीय संघ असेल तर उत्तमच. जाळी सगळ्यांना सारखीच, सीनियर बायकांचीच २.२४ मीटर. आपल्या पोरी उंचीची तक्रार घेऊन येतात ना, त्यांना ही मॅच न बोलता उत्तर देते. २०२२ साली थायलंडमधल्या नाखोन पाथोमला आशियाची अंडर-१८ स्पर्धा जपाननेच जिंकली होती.

पहिला सेट मोकळा बघू द्या. मध्ये थांबवू नका, शिकवू नका.

दुसऱ्या सेटला वह्या काढायच्या. एकच संघ धरायचा आणि पानावर सहा रकाने आखायचे, प्रत्येक रोटेशनला एक (सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही जणी एकेक जागा सरकतात, ते रोटेशन). रकान्यांना लिफ्टरच्या, म्हणजे मारणारीला चेंडू उचलून देणारीच्या, जागेवरून नाव द्या: लिफ्टर एकवर, मग सहावर, पाचवर, चारवर, तीनवर, दोनवर. याच क्रमाने ती फिरते. एक ही मागची उजवी जागा, तिथून सर्व्हिस होते; दोन, तीन, चार या पुढच्या रांगेतल्या, उजवीकडून डावीकडे. त्या रोटेशनमध्ये पॉइंट मिळाला तर अधिक, गेला तर वजा. सुरुवातीला पोरी गोंधळतात, कारण सर्व्हिस झाली रे झाली की लिफ्टर धावत जाळीशी येते आणि तिची मूळ जागा कुठली होती हेच कळत नाही. म्हणून शिट्टी वाजली की लगेच तिला शोधायची सवय लावा. सर्व्हिसला आठ सेकंद असतात, तेवढा वेळ पुरतो.

सेट संपल्यावर वही बघा. वजा सगळीकडे सारखे पसरलेले क्वचितच दिसतात, एखाद्या रकान्यात ढीग असतो. या वयात संघ हरतो तो बहुतेकदा असाच. एका रोटेशनमध्ये अडकतो आणि समोरची मुलगी सलग पाच-सहा पॉइंट सर्व्हिसवर काढून जाते. आता प्रश्न विचारा: इथेच का अडकले? लिफ्टर पुढच्या रांगेत असेल तर पुढे मारणाऱ्या दोघीच उरतात, हे एक कारण. पण माझ्या मते खरं कारण त्याच्याही आधीचं असतं, रिसिव्हमध्ये.

म्हणून तिसऱ्या सेटला चेंडूकडे बघायचं नाही. अवघड आहे, पण जमतं. सर्व्हिस सुटली की नजर रिसिव्ह करणाऱ्या तिघींवर, म्हणजे बहुधा दोन अटॅकर आणि लिबेरो (फक्त मागे राहून बचाव करणारी खेळाडू). प्रत्येक रिसिव्हला गुण द्या. लिफ्टरला जागचं हलावं लागलं नाही तर तीन. दोन-चार पावलं जावं लागलं तर दोन. धावत जाऊन कसाबसा चेंडू उचलला तर एक. थेट पॉइंट गेला तर शून्य. थोड्याच वेळात पोरींच्या लक्षात येतं की एक गुणाचा रिसिव्ह असला की चेंडू उंच, चार नंबरवर जाणार आणि समोर दोघींचा ब्लॉक आधीच उभा असणार. तीन असेल तेव्हाच सेंटर ब्लॉकर (जाळीच्या मध्यावर खेळणारी) शॉर्ट बॉल, म्हणजे लिफ्टरजवळचा बुटका झटपट चेंडू, मारते. मग त्या अटॅक व्हायच्या आधीच ओरडून सांगू लागतात, ‘मॅडम, चारवर!’ तिथे माझं काम झालेलं असतं.

समोरचा संघ सर्व्हिस कुणावर टाकतो तेही बघायला लावा. एकीचा रिसिव्ह फुटला की पुढची सर्व्हिस तिच्याचकडे येते. इथे दयामाया नाही. तिचा कोच मग काय करतो? तीस सेकंदांचा टाइमआउट घेतो, तिला बदलतो, की लिबेरोला सरकवून तिच्या वाट्याचं मैदान कमी करतो? हा तिसरा उपाय शाळेच्या स्पर्धेतही फुकटात करता येतो.

लिफ्टर पुढे आली की काही संघ दुहेरी बदल करतात. तिच्या जागी मारणारी उंच मुलगी येते आणि मागच्या युनिव्हर्सलच्या (रोटेशनमध्ये लिफ्टरच्या समोरासमोर असणाऱ्या अटॅकरच्या) जागी दुसरी लिफ्टर. पुढे पुन्हा तिघी अटॅकर. परत मूळ जोडी आणायची तर सेटमधल्या सहापैकी चार बदल यातच संपतात, म्हणून दोन लिफ्टर तयार नसतील तर याच्या नादी लागू नका.

स्टार खेळाडूचा विषय निघतोच. पाओला एगोनू २०१५ मध्ये लिमाला इटलीकडून मुलींची हीच जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकताना पुन्हा तीच सर्वोत्तम. पोरींना हे जरूर सांगा, डोळे चमकतात. फक्त त्यानंतर पुन्हा लिबेरोकडे वळवा.

दुसऱ्या दिवशी मैदानावर स्मॅशची रांग लावू नका. तिघींना रिसिव्हला उभं करा, लिफ्टरला जाळीजवळ दोन आणि तीनच्या मधे. बाकीच्या समोरून सर्व्हिस करतील आणि एक जण बाहेर बसून वहीत तीन-दोन-एक-शून्य लिहील. गुण लिहिणारी दर दहा सर्व्हिसनंतर बदला. सगळ्यात जास्त वाद तिच्याशीच होतात, ते होऊ द्या.