‘दगा दिन्हा’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

जळगावात कोर्टकचेरीच्या कागदांचं भाषांतर करायला लागलो, तेव्हा माझ्याजवळ इंग्रजीची एम.ए. आणि स्पर्धा परीक्षांसाठी पाठ केलेला शब्दसंग्रह होता. बिट्रेयल, ट्रेचरी, ट्रेझन, पर्फिडी, डिसलॉयल्टी या सगळ्यांपुढे वहीत एकच उत्तर लिहिलेलं: विश्वासघात. अभ्यासिकेत त्यावर भागायचं, कारण चारांतला एक पर्याय बरोबर निघायचाच. इथे पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटलो. या कामात नव्याने येणाऱ्यांनी त्याच खड्ड्यात पडू नये, म्हणून लिहितोय.

चोपडा तालुक्यातले एक आबा आले होते. गावात खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याला त्यांनी घरचा कापूस मोजून दिला. थोडे रोख मिळाले, बाकीचे दिवाळीनंतर देतो म्हणाला, आणि दिवाळीनंतर त्याचा फोन बंद. आबांच्या तोंडी एकच वाक्य: “त्यानी माले दगा दिन्हा भो.” मी मोठ्या ऐटीत ‘ट्रेझन’ लिहिलं. वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “का रे भाऊ, व्यापाऱ्याने राज्य बुडवलं का?” मी खोडून ‘ट्रेचरी’ केलं. “हे नाटकात शोभेल.” मग ‘बिट्रेयल’. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, आबांकडे वळले.

“आबा, कापूस त्याला विकला होता, का त्याच्याकडे ठेवायला दिला होता?”

“इकडे कोण ठेवस कापूस दुसराकडे? विकलाच.”

“आणि मोजून घेतानाच त्याच्या मनात पैसे बुडवायचे होते, का नंतर बुद्धी फिरली?”

“ते माले काय माहीत, भो.”

या दोन प्रश्नांत मला जे कळलं ते थिसॉरसमध्ये नव्हतं. माल ठेवायला दिला आणि त्याने परस्पर विकला, तर तो ‘क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट’. म्हणजे आधी खरोखर विश्वासाने ताबा दिला, आणि मग तो विश्वास मोडला. सुरुवातीपासूनच नियत खोटी असेल, तर ‘चीटिंग’. तिथे विश्वास मोडत नाही, तो खोटं बोलून मिळवलेला असतो. आणि नियत बरी होती पण धंद्यात बुडाला, म्हणून पैसे थकले, तर ती नुसती उधारी. ती दिवाणीत जाते, फौजदारीत नाही. जुन्या दंडसंहितेत चीटिंगला 420 कलम होतं, त्यावरूनच आपला ‘चारसोबीस’ आला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 318 झालं, आणि ब्रीच ऑफ ट्रस्ट 316. (चारसोबीस हा शब्द मात्र कलम गेलं तरी जागचा हलला नाही.) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घोड्यांच्या दाण्याच्या थकबाकीवरून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, की विक्रीच्या व्यवहारात माल ‘सोपवलेला’ नसतो आणि एकाच घटनेला हे दोन्ही गुन्हे एकदम लावता येत नाहीत.

आबांच्या अर्जात शेवटी गेलं ते असं: अमुक तारखेला माल घेतला, अमुक रक्कम दिली नाही, आणि घेतानाच न देण्याचा हेतू होता असं मानायला ही ही कारणं. मी मराठीत वाचून दाखवलं तर आबा म्हणाले, “यामा दगा कोठे गया?” त्यांना काय सांगावं ते मला सुचलं नाही. वकीलसाहेबांनी चहा मागवला.

तेव्हापासून शब्द शोधण्याआधी मी एवढंच बघतो, की मोडण्याआधी काय होतं. शपथ होती, नोकरी होती, लग्न होतं, मैत्री होती, का काहीच नव्हतं?

ट्रेझनच्या आधी राज्याशी निष्ठेचं बंधन लागतं. इंग्लंडचा याबाबतचा कायदा 1351 चा. त्यात एक गंमत आहे: बायकोने नवऱ्याला किंवा नोकराने मालकाला मारलं, तर तोही एक धाकटा ट्रेझनच धरला जाई, कारण नवरा आणि मालक हे घरातले राजे. तो प्रकार 1828 मध्ये रद्द झाला. जुन्या इंग्रजी मजकुरात घरगुती खुनाला ट्रेझन म्हटलेलं दिसलं, तर दचकू नका. सेडिशन मात्र वेगळं. टिळकांवर 1897 आणि 1908 मध्ये खटले झाले ते सेडिशनचे, म्हणजे राजद्रोहाचे. शत्रूला कुणी काही विकलं नव्हतं, ‘केसरी’त लिहिलं होतं. मराठी वर्तमानपत्रं राजद्रोह आणि देशद्रोह सर्रास एकात एक घालतात. भाषांतर करताना मूळ कलम बघा, मथळा बघू नका.

ट्रेचरी आणि पर्फिडीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण या शब्दाने आपल्या खानदेशात माणसं मेलेली आहेत. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. मंदसौरच्या तहात होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना दिला होता. 1818 च्या फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपची फौज ताबा घ्यायला आली, तेव्हा किल्ल्यावरून गोळीबार झाला. पुढे दिंडी दरवाजातून काही इंग्रज अधिकारी आत शिरले, आतल्या अरब शिपायांशी बोलणं धड झालं नाही, हत्यारं चालली आणि अधिकारी पडले. मग शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. इंग्रजांचं म्हणणं: तहानंतर लढला म्हणून बंडखोर, आणि दरवाजावर ट्रेचरी. या प्रकाराबद्दल हिस्लॉपला विलायतेच्या पार्लमेंटातही जाब विचारला गेला. मी त्या दरवाजाच्या जागी उभा राहिलोय. कुणी शरणागतीचं सोंग करून घात केला, की दोन भाषांचा घोळ झाला, हे ठरल्याशिवाय तिथे ट्रेचरी शब्द लावता येत नाही. लावणाऱ्याने आधी लावला आणि फाशी उरकलं.

पर्फिडी हा त्याच घरातला, पण आज युद्धकायद्यातला नेमका शब्द. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या जोड-करारात तो आहे: पांढरं निशाण दाखवायचं आणि जवळ आलेल्यावर गोळी घालायची, किंवा जखमी असल्याचं सोंग करायचं, याला मनाई. हूल देणं, दबा धरणं, खोटी हालचाल दाखवणं याला त्याच करारात मुभा आहे. म्हणून गनिमी काव्याला कुणी ट्रेचरी किंवा पर्फिडी लिहिलं, तर लाल शाई काढा.

ट्रेचरस हे विशेषण आणखी एक फजिती करतं. सातपुड्यातला पावसाळी घाटरस्ता इंग्रजीत ट्रेचरस होतो, तो विश्वासघातकी नाही, नुसता फसवा. तापीचं पाणी वरून संथ दिसतं तसं. बिट्रेचंही तेच. आवाजाने भीती ‘बिट्रे’ केली म्हणजे आवाजाने चुगली केली, लपवलेलं उघडं पडलं. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘सोपवणं, हवाली करणं’ आहे. ट्रॅडिशन, म्हणजे परंपरा, हाही तिथलाच. पुढच्या पिढीच्या हाती दिली तर परंपरा, शत्रूच्या हाती दिला तर दगा.

कौटुंबिक खटल्यांत ‘नवऱ्याने टाकलं’ हे वाक्य रोज येतं. तिथे बिट्रेड लिहू नका. ते डेझर्शन, आणि हिंदू विवाह कायद्यात त्याला सलग 2 वर्षांची अट आहे. बाहेर संबंध ठेवले तर इन्फिडेलिटी. ॲडल्टरी, म्हणजे व्यभिचार, हा गुन्हा 2018 मध्येच गेला, घटस्फोटाचं कारण म्हणून उरला. सैनिक पळाला तर डेझर्टर, पलीकडे जाऊन मिळाला तर डिफेक्टर. आमदाराने पक्ष बदलला तर डिफेक्शन, जे रोखायला 1985 मध्ये घटनेला दहावी अनुसूची जोडली. सभेत त्यालाच गद्दार म्हणतात, आणि दुभाष्याला ते टर्नकोट (नुसता बाजू बदलणारा) करावं का ट्रेटर (द्रोही), हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून ठरवावं लागतं. साक्षीदार ‘फितूर’ झाला तर इंग्रजीत तो फक्त हॉस्टाइल. आपल्या शब्दात त्याला कुणीतरी फोडल्याचा वास आहे, इंग्रजीत नाही. तो वास तुमच्या पदरचा घालू नका.

माणसांची नावं झालेले शब्दही जसेच्या तसे बदलू नयेत. आपला सूर्याजी पिसाळ, त्यांचा क्विसलिंग, 1940 मध्ये नॉर्वेत नाझींना सामील झालेला. एकाच्या जागी दुसरा घातला, तर वाचणाऱ्याला वाटेल साताऱ्याकडे जर्मन आले होते.

एक शब्द मला अजून हरवतो: नमकहराम. अनग्रेटफुल म्हटलं तर घात निसटतो, ट्रेचरस म्हटलं तर मीठ. गेल्या महिन्यात सालदाराविरुद्धच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याविरुद्धच्या, एका जबाबात मालक म्हणाला होता, “खाल्ल्या घरचे वासे मोजले त्याने.” तीन मसुदे झाले. शेवटी ‘बारा वर्षं ज्या घरात जेवला, त्याच घरची चोरी केली’ एवढंच सरळ इंग्रजीत लिहिलं, आणि समासात मूळ मराठी वाक्य पेन्सिलीने टिपून ठेवलं.