ज्येष्ठांच्या एकटेपणासाठी निधी मागताय? या चुका टाळा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा निधीसाठीचा पहिला अर्ज मीच लिहिला होता: चाळीस खुर्च्या, मोठा टीव्ही, दोन कॅरम बोर्ड. एका कंपनीच्या सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातून करायचा समाजकार्याचा खर्च) विभागातल्या मुलीनं शांतपणे विचारलं, "काका, यातले एकटे कोण?" मला सांगता येईना. त्या खुर्च्यांवर बसणारे सगळे आधीच रोज कट्ट्यावर भेटत होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अर्जात दुःख लिहायचं न येणाऱ्यांचं आणि पैसे मागायचे येणाऱ्यांसाठी. एकटा पडलेला माणूस विरंगुळा केंद्रात येत नाही, तेच तर दुखणं आहे. कुणी तिसऱ्या मजल्यावर राहतं, लिफ्ट नाही, गुडघे गेलेत. कुणाला कमी ऐकू येतं, त्यामुळे चारचौघांत बसायचा संकोच वाटतो. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाचं बोलावणंच बंद झालेल्या बायका तर प्रत्येक गल्लीत आहेत. म्हणून अर्जाआधी हजेरीचं रजिस्टर उघडा आणि वर्षभर न फिरकलेल्या सभासदांची यादी काढून त्यांच्या घरी जा. "तुम्हाला एकटं वाटतं का?" असं विचारू नका, कुणीही "छे छे" म्हणेल. "काल कुणाकुणाशी बोललात?" असं विचारा. ही फेरी झाली की खर्चाची यादी आपोआप बदलते: रिक्षाभाडं, घरी जाऊन गप्पा मारणाऱ्या ताईंचं मानधन, फोन, चहा. खुर्च्या जमल्यास.

दुसरी चूक म्हणजे चुकीचं दार ठोठावणं. खासदार निधी वर्षाला ५ कोटी असला तरी तो टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून खोली उभी राहील, मानधन निघणार नाही. उद्घाटनाची पाटी चकचकीत आणि दाराला कुलूप, अशी केंद्रं तुम्हीही पाहिली असतील. खोली जरूर मागा, पण वीजबिल कोण भरणार आणि किल्ली कुणाकडे राहणार, याचा ठराव आधी करा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपयेही पात्र ज्येष्ठांच्या स्वतःच्या खात्यात जातात. ते संघाच्या अंदाजपत्रकात धरू नका (हेही मी पाहिलंय).

चालू खर्चासाठी सीएसआर बरा. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या परिशिष्टात वृद्धाश्रम, डे केअर केंद्रं आणि ज्येष्ठांसाठीच्या इतर सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम १३५ कंपनीला आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतं. तरीही आपण मुंबईतल्या बड्या नावांना पत्रं पाठवत बसतो. आदल्या वर्षी ५ कोटी निव्वळ नफा झालेली कंपनीही या कायद्यात येते, म्हणजे जवळच्या एमआयडीसीतला मधला कारखानाही. त्या कंपनीची वर्षाची सीएसआर खर्चाची रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर तिथं वेगळी सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. एक माणूस पटला की काम पुढे सरकतं.

कागदपत्रांत फार रमत नाही, पण फाईल तिथंच अडते. सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) क्रमांक नसेल तर कंपनी थेट पैसे देऊ शकत नाही. आयकर सवलतीची १२-ए आणि ८०-जी नोंदणी आता कायमची राहिलेली नाही, मुदत तपासा. संघाची निवडणूक झाली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. एका संघाच्या नोंदीत दिवंगत झालेले गृहस्थ अजून अध्यक्ष होते.

न्यू जर्सीतला मुलगा हौसेनं डॉलर पाठवायला निघाला, तर आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. अमेरिकी नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असूनही तो कायद्यानं परदेशी स्रोत ठरतो, आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संघाला ते पैसे घेता येत नाहीत. त्याला म्हणावं, आईला रोज फोन कर.

आकडे फुगवू नका. "२०० लाभार्थी" म्हणजे सहलीची बस, हे वाचणाऱ्याला कळतं. बारा जण लिहा, पण आधी आठवड्यात कितीदा कुणाशी बोलणं व्हायचं आणि सहा महिन्यांनी किती, हे मांडा.

आणि मार्चनंतरचा विचार आधीच करा. आमचा निधी ३१ मार्चला संपला, मानधनावरच्या ताई यायच्या थांबल्या. एक आजी पुढचे कितीतरी मंगळवार चार वाजता दार उघडं ठेवून बसायच्या. हे आम्हाला जूनमध्ये, शेजाऱ्यांकडून कळलं. आता ताईंबरोबर पहिल्या महिन्यापासूनच त्याच इमारतीतलं कुणीतरी जातं, आणि अर्जात तो मजकूर आम्ही पहिल्या पानावर घालतो.