नवख्या क्वार्टरबॅकचा पहिला सीझन कसा काढावा

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये एप्रिलला ड्राफ्ट होतो, म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू टीमा पाळीपाळीने निवडतात, सर्वांत वाईट टीमची पाळी पहिली. त्यात तुमच्या टीमने क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून खेळ चालवणारा, घेतला, पेढे वाटून झाले आणि आता सप्टेंबर तोंडावर आलाय. पुढचे चार महिने डोकं ठिकाणावर ठेवून कसे काढायचे, ते सांगते. मी मूळची साताऱ्याची, राहते शिकागोजवळ नेपरव्हिलला आणि टीम माझी बेअर्स. त्यामुळे सराव भरपूर; आमच्याकडे तारणहार क्वार्टरबॅक दर तीन-चार वर्षांनी नवा येतो. उदाहरणं बहुतेक २०२४ च्या सीझनमधली देते. त्या वर्षी आम्ही केलेब विल्यम्सला पहिल्या नंबरवर घेतलं. तो नंबरही आमच्या पुण्याईचा नव्हता. २०२३ मधला आमचा पहिला नंबर कॅरोलायनाला दिला होता, बदल्यात डी. जे. मूर आणि त्यांचा पुढच्या वर्षीचा पहिला पिक (निवडीची पाळी) मिळाला होता. पुढे कॅरोलायना २-१५ ने, म्हणजे दोन जिंकून पंधरा हरून, आपटली आणि त्यांच्या दारिद्र्यातून आमची लॉटरी निघाली.

आधी अपेक्षेची पट्टी ठरवा. पेटन मॅनिंगने १९९८ साली पहिल्याच वर्षी २८ इंटरसेप्शन दिली (२८ पास समोरच्यांच्या हातात), टीम ३-१३ वर थांबली. ट्रॉय एकमनने १९८९ मध्ये अकरा मॅच सुरुवातीपासून खेळल्या आणि अकराही हरला. दोघं आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. दुसऱ्या टोकाला सी. जे. स्ट्राउड: २०२३ मध्ये पास टाकून ४,१०८ यार्ड, फक्त ५ इंटरसेप्शन आणि ह्यूस्टन थेट प्लेऑफमध्ये. २०२४ मध्ये केलेबच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरवर गेलेल्या जेडेन डॅनियल्सने वॉशिंग्टनला १२-५ पर्यंत नेलं. या दोघांनी आपल्या सगळ्यांच्या सवयी बिघडवल्या आहेत. तुमचा क्वार्टरबॅक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी पडणार, हे गृहीत धरा. सप्टेंबरात गोंधळ चालेल. डिसेंबरातही चुका चालतील, फक्त त्या सप्टेंबरच्याच नसाव्यात.

जिंकलेली मॅच जास्त संशयाने बघा. केलेबची पहिली मॅच टेनेसीविरुद्ध होती. ०-१७ ने मागे पडून आम्ही २४-१७ जिंकलो आणि आमच्या सोल्जर फील्ड मैदानावर लोक नाचले. पण त्याने २९ पैकी १४ पास पूर्ण केले, एकूण यार्ड ९३, आणि ऑफेन्सचा टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) एकही नाही. समोरच्यांनी लाथेने मारलेला पंट अडवून एक आला, डिफेन्सने इंटरसेप्शन पळवत नेऊन दुसरा. त्या रविवारी ज्यांनी हे बघितलं, त्यांना नोव्हेंबरचा धक्का कमी बसला.

आता मॅच बघायची रीत. चेंडू हातात येण्याआधीचं बघा. मागची प्ले, म्हणजे चाल, संपली की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये येतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. पुढचं सगळं त्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने एकट्याने करायचं: समोरची डिफेन्स ओळखायची, लाइनला (त्याच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्यांना) कोणाला अडवायचं ते सांगायचं, गरज पडली तर प्ले बदलायची. तुम्ही एवढंच टिपा की टीम हडल (चर्चेचं कोंडाळं) मोडते तेव्हा किती सेकंद शिल्लक असतात. दर वेळी सात-आठच उरत असतील, तर विचार करायला वेळच नाही. घड्याळ संपून पाच यार्डांचा दंड बसला, किंवा तो वाचवायला टाइमआउट जाळला, तर कागदावर फुली मारा. फुल्या महिन्यागणिक कमी व्हायला हव्यात. होत नसतील तर दोष मुलाचाच असतो असं नाही. प्ले उशिरा पाठवणारा कोचही असू शकतो.

सॅक, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं, मोजायची माझी एक पद्धत आहे आणि ती मी घरात सगळ्यांना सक्तीने शिकवली आहे. स्नॅप झाला (चेंडू त्याच्या हातात आला) की मनात मोजा. 'दोन' म्हणण्याआधीच कोणी त्याच्या अंगावर आलं, तर तो सॅक लाइनचा. 'तीन' होऊन गेले, आजूबाजूला मोकळं होतं आणि चेंडू अजून हातातच, तर सॅक त्याचा. मधले वाटून घ्या. केलेब २०२४ मध्ये ६८ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वांत जास्त. याहून भयंकर म्हणजे २००२ चा डेव्हिड कार, ७६ सॅक. पण ती ह्यूस्टनची टीम तेव्हा नुकती जन्माला आली होती. आमची १९२० पासून आहे. १० नोव्हेंबरला न्यू इंग्लंडने आमच्याच मैदानावर त्याला नऊ वेळा पाडलं, स्कोअर ३-१९. हिरव्यागार खेळपट्टीवर सलामीला पाठवून वर हेल्मेट काढून घेतलं, असा प्रकार. तरीही मोजणी इमानदारीने करा. त्या ६८ मधले बरेच त्याने स्वतः ओढवून घेतले होते. कॉलेजात, यूएससीमध्ये, तो मागे फिरून, गिरक्या घेऊन सुटायचा. इथले डिफेन्सिव्ह एंड (कडेने धावून येणारे) तेवढे सोडत नाहीत.

याच संदर्भात आकड्यांचं एक सांगते. कुठलाही आकडा एकटा वाचू नका. केलेबने त्या वर्षी फक्त ६ इंटरसेप्शन दिली. मधे सलग ३५३ पास एकही इंटरसेप्शन नाही, रूकीसाठी (पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी) विक्रम. टीव्हीवर हा आकडा आला की आमच्या दिवाणखान्यात टाळ्या. पण तोच आकडा ६८ च्या शेजारी ठेवा. चेंडू गमावण्याच्या भीतीने तो हातातच धरून ठेवला, तर इंटरसेप्शन होत नाही, सॅक होतो. काही वेळा इंटरसेप्शनचा धोका पत्करून पास टाकायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटत होतं. मॅनिंगने टाकले, २८ गेले, आणि खिडकी कितपत उघडी असते ते तो शिकला.

थर्ड डाउनचंही असंच. दहा यार्ड सरकायला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न मिळतात; हा तिसरा. 'थर्ड डाउनला जमत नाही' अशी ओरड झाली की आधी बघा, किती यार्ड हवे होते. तीन हवेत की तेरा? तेरा हवे असतील तर घोळ पहिल्या डाउनला झालाय. तिथे कोणी दंड घेतला, कोणी धावून मागे आला, ते शोधा.

सगळ्यांत महत्त्वाचं काम आता. हरलेली मॅच कोणाच्या खात्यावर टाकायची? यासाठी मॅच संपल्यावर लगेच बोलू नका. जेवा, भांडी घासा, मग शेवटची पाच मिनिटं पुन्हा बघा. २७ ऑक्टोबर २०२४, वॉशिंग्टन. केलेबची सुरुवात वाईट होती, ते त्याच्या खात्यावर. चौथ्या क्वार्टरमध्ये गोल लाइनजवळ पोचल्यावर चेंडू एका लाइनमनच्या हातात देण्याची अक्कल कोणाला तरी सुचली आणि तो निसटला. ही केलेबची कल्पना नव्हे. तरी शेवटी त्याने टीम मैदानभर नेली आणि २५ सेकंद उरले असताना आम्ही १५-१२ ने पुढे. मग डॅनियल्सने आकाशात भिरकावलेला चेंडू बोटांना लागून उडाला आणि मागे मोकळ्या उभ्या नोआ ब्राउनच्या हातात पडला. प्ले सुरू झाली तेव्हा आमचा कॉर्नरबॅक (पास अडवणारा) प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांना चिडवत होता. १५-१८. त्याच्या आधीच्या प्लेला कडेने तेरा यार्ड फुकट देऊन तो चेंडू फेकायच्या टप्प्यात आणला होता, हे लोक विसरतात. मी विसरत नाही.

त्या मॅचपासून सलग दहा हरलो. मधला थँक्सगिव्हिंग तर अभ्यासक्रमात लावण्यासारखा आहे. डेट्रॉइटला हाफटाइमला ०-१६. दुसऱ्या हाफमध्ये केलेबचे तीन टचडाउन पास, २०-२३, चेंडू आमच्याकडे, फील्ड गोलच्या (लाथ मारून तीन गुण) टप्प्यात. अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरला असताना तो सॅक झाला. हातात एक टाइमआउट होता. बाजूला उभ्या असलेल्या मुख्य कोचने तो घेतला नाही. घड्याळ धावत राहिलं, शेवटी एक लांब पास, हुकला, संपलं. टाइमआउट हातातच राहिला. रूकीने घाई करायला हवी होती का? हो. पण अशा वेळी रूकीला सावरायला कोच असतो, पगार त्याचाच घेतो. दुसऱ्या दिवशी मॅट एबरफ्लूसला काढलं. बेअर्सने सीझनच्या मधेच मुख्य कोच काढायची ही पहिलीच वेळ. ऑफेन्स चालवणारा शेन वॉल्ड्रन त्याआधीच न्यू इंग्लंडच्या मॅचनंतर गेला होता.

कोच बदलला की त्यापुढच्या दोन-तीन मॅच जास्त लक्ष देऊन बघा. खरी माहिती तिथे मिळते. वॉल्ड्रन गेल्यावर थॉमस ब्राउन प्ले सांगू लागला आणि पुढच्याच रविवारी ग्रीन बेविरुद्ध तोच मुलगा ३१ पैकी २३ पास, वर धावून ७० यार्ड. चेंडू लवकर सुटू लागला. शेवटचा फील्ड गोल अडवला गेला म्हणून १९-२० हरलो, ते वेगळं. चार दिवसांत हात बदलत नाही, सूचना बदलतात. जॅरेड गॉफ २०१६ मध्ये सुरुवातीपासून खेळलेल्या सातही मॅच हरला होता. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे कोच म्हणून आला आणि त्याची टीम, लॉस एंजेलिस, ११-५. नवखा मुलगा वाईट दिसत असेल तर आधी हेडसेटवाल्याकडे बघा, हे माझं मत आहे आणि आमच्या ग्रुपवर त्यावरून दर सोमवारी जुंपते.

टीममधल्या बाकी पोरांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. मैदानातले बावीसही जण दिसतात असं वरून घेतलेलं चित्रण मिळतं, त्यात एकच खेळाडू निवडून बघा. आम्ही रोम ओडुन्झे निवडला होता, त्याच ड्राफ्टमधला नववा पिक. चेंडू त्याच्याकडे येत नसतानाही तो किती वेळा मोकळा होता, हे टीव्हीच्या कॅमेऱ्यात कळलंच नसतं. आणि पैशाचं गणित डोक्यात असू द्या: २०११ पासून रूकींचा पगार पिकच्या नंबरावर ठरतो, करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीतल्यांना पाचव्या वर्षाचा पर्याय. क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवर वाचलेला पैसा लाइनवर खर्च व्हायला हवा. होत नसेल तर मालकाला शिव्या द्यायला तुम्ही मोकळे.

जर्सी पहिल्या वर्षी घेऊ नका. माझ्या मुलाच्या कपाटात आधीच्या तारणहारांची, ट्रुबिस्कीची १० आणि फील्ड्सची १ पडून आहे. त्याने केलेबची १८ मागितली तेव्हा मी आमच्या जुन्या दिग्गजाची, वॉल्टर पेटनची ३४ आणली. वॉल्टर पेटनला कोणी ट्रेड करत नाही.

साताऱ्याहून बघणाऱ्या माझ्या भावासारख्यांसाठी: शिकागोची दुपारी बाराची मॅच तुमच्याकडे रात्री साडेदहाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथलं घड्याळ मागे गेलं की साडेअकराला. रविवार रात्रीची मॅच तुमच्या सोमवारी सकाळी, दूधवाल्याच्या वेळेला. गुरुवार रात्रीची, सहा-तीनने हरलेली सिअ‍ॅटलची मॅच ज्याने उजाडता उजाडता बघितली, त्याच्यापुढे मी काय बोलणार. शेवटची मॅच तरी सोडू नका. प्लेऑफ केव्हाच हुकले होते, पण ५ जानेवारी २०२५ ला आमच्या किकर सँटोसने शेवटच्या सेकंदाला ५१ यार्डांवरून मारलं आणि आम्ही ग्रीन बेत २४-२२ जिंकलो. ग्रीन बेच्या पॅकर्सवाल्या शेजारणीला मी तिळगूळ आठवडाभर आधीच नेऊन दिला.

मग फेब्रुवारी-मार्चमध्ये यादी काढा. मुख्य कोच ऑफेन्सचा माणूस आहे का? लाइनमध्ये कोण आलं? आमच्याकडे डेट्रॉइटचा बेन जॉन्सन आला, आणि जो थुनी, जोना जॅक्सन, ड्रू डालमन असे तीन अनुभवी लाइनमन एका महिन्यात. २०२५ मध्ये केलेबचे सॅक एक तृतीयांशाच्या आसपास आले आणि टीम ११-६, डिव्हिजन (आमचा गट) आमची. मुलगा तोच होता. तुमच्या टीमने या जागी रिसीव्हर (पास झेलणारा) आणून पोस्टर छापलं असेल, तर दुसऱ्या वर्षीही सॅक मोजायची तयारी ठेवा.

वेळापत्रक मेमध्ये येतं. मैदानात जायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरची तिकिटं बघा. डिसेंबरात सरोवरावरून येणारा वारा वरच्या मजल्यावर बसू देत नाही, आणि त्या वाऱ्यात कोणाचाच पास सरळ जात नाही, त्यामुळे क्वार्टरबॅक बघायला म्हणून गेलात तर पैसे वाया.