वाचनालयाचं वर्ष दिवाळीपासून मोजा

वाचनालयाचे वर्षभराचे कार्यक्रम ठरवायला बसलं की कार्यकारिणीतलं कुणीतरी दिनविशेषांची यादी काढतं. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्ट ग्रंथपाल दिन. यादी बरोबर आहे, हे दिवस करावेतच. पण त्या यादीत उसाचा हंगाम नाही, दहावीची परीक्षा नाही, मे महिन्यात मामाच्या गावी आलेली पोरं नाहीत, श्रावणातली दुपार नाही. मी साताऱ्याकडच्या तालुक्याच्या गावात ‘ब’ वर्ग (सरकारी प्रतवारीतला दुसरा वर्ग) वाचनालयाची ग्रंथपाल आहे. माझं म्हणणं एवढंच, की आधी गावाचं वर्ष कागदावर मांडा आणि मग त्यात हे दिवस बसवा. प्रत्येक कार्यक्रमाआधी एक प्रश्न विचारा: हा संपल्यावर देवघेवीच्या टेबलाशी कोण येणार आहे? उत्तर ‘कुणी नाही’ असेल तर तो कार्यक्रम मंगल कार्यालयात झाला काय आणि वाचनालयात झाला काय, सारखंच.

दिवाळी अंक योजना

वर्षातलं सगळ्यात मोठं काम हेच, म्हणून सुरुवात इथून. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळासोबत वाचायला लागतं. एरवी वर्षभर न फिरकणारे लोक या काळात पायरी चढतात. त्यांना धरून ठेवायचं असेल तर हिशेब आधी पक्का करा.

योजना म्हणजे वर्गणी घेऊन सभासदांना आळीपाळीने दिवाळी अंक घरी वाचायला देणं. योजनेत साठ सभासद असतील तर साठ अंक पुरत नाहीत. प्रत्येकाच्या घरी एक अंक असतो, मग बदलायला येणाऱ्यापुढे रॅकवर काय ठेवणार? सभासदांच्या दीडपट अंक घ्या, म्हणजे साठांना नव्वद. आता बऱ्याच नावाजलेल्या अंकांची किंमत ३००-४०० रुपयांच्या घरात असते, छोटे अंक स्वस्त असतात. सरासरी २५० धरली तर २२,५०० रुपये होतात. विक्रेत्याने वीस टक्के सवलत दिली तर १८,०००. भागिले साठ, म्हणजे माणशी ३०० रुपये वर्गणी. यात नफा नाही आणि तो काढूही नये. नव्वद म्हणजे नव्वद वेगवेगळे अंक असंही नव्हे. ज्या सहा-सात अंकांवर उड्या पडतात, त्यांच्या तीन-तीन प्रती घ्या. पाककृती, ज्योतिष आणि विनोद यांना नाकं मुरडू नका. गंभीर अंक नेणारी माणसंसुद्धा जाता जाता विनोदी अंक चाळतात, मी रोज बघते.

अंक आले की लगेच देवघेवीला काढू नका. पाठीला नुसता डिंक असतो, चौथ्या वाचकाच्या हातात पानं सुटतात. पाठीपासून बोटभर आत दाभणाने तीन भोकं पाडा, जाड दोरा मेण लावून दोनदा ओवा आणि गाठ आतल्या बाजूला घ्या. मग खाकी कव्हर. कव्हर घालताना मुखपृष्ठ झाकू नका, कारण अंक मुखपृष्ठावरच उचलला जातो. कव्हर फक्त पाठीला आणि कडांना. शिक्का पहिल्या पानावर आणि वाचनालयाने ठरवलेल्या गुप्त पानावर. राशिभविष्याची पानं मोजून कार्डावर आकडा लिहा. भविष्य वाईट निघालं म्हणून पान फाडतात की चांगलं निघालं म्हणून, ते मला आजवर उमगलेलं नाही, पण गायब होतात ती तीच.

अंक सात दिवसांसाठी द्या. मागणीच्या अंकांना वही ठेवा आणि नंबर लागेल तसा फोन करा. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी रोज येऊन विचारतात, “ताई, माझा नंबर कितवा?” मी वही फिरवून त्यांच्यापुढे ठेवते. त्यांच्या आधीच्या तिघांची नावं वाचतात आणि त्यातल्या एकाला स्वतःच फोन लावतात. वही उघडी ठेवण्याचा फायदा हाच, वशिल्याचा संशय येत नाही.

ग्रंथालय सप्ताह बहुतेक वर्षी या धामधुमीतच येतो. वेगळं भाषण ठेवण्यापेक्षा एका संध्याकाळी योजनेतल्या चार सभासदांना बसवा आणि ‘यंदा कुठली कथा आवडली’ एवढंच बोलायला लावा. प्रत्येकी दहा मिनिटं. अध्यक्ष नको, प्रमुख पाहुणेही नकोत. ज्या कथेबद्दल कुणी तळमळीने बोलेल, तो अंक त्याच रात्री जातो. गुढीपाडव्याच्या सुमाराला योजना बंद करा आणि जास्तीच्या प्रती निम्म्या किमतीत विका.

आमच्याकडे याच दिवसांत कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो आणि मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. त्यांची मुलं वाचनालयात येणार नाहीत, आपणच जायचं. मोठ्या अक्षरांची चित्रांची पुस्तकं एका पेटीत घाला. वार महत्त्वाचा नाही, वेळ महत्त्वाची: आईबाप पहाटे फडात गेलेले असतात, धाकट्यांना सांभाळत मोठी मुलगी कोपीत असते. तिच्याच हातात पेटी द्या. नोंद करा, पण अनामत मागू नका. काही पुस्तकं परत येत नाहीत, ती वर्षअखेरीस कार्यकारिणीपुढे रीतसर निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून काढून टाकायला, ठेवायची. पेटी पाठवण्याआधीच तसा ठराव करून घ्या, नंतर वाद होत नाही.

संक्रांत ते परीक्षा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावातल्या बायका रोज कुठे ना कुठे हळदीकुंकवाला जातात. मराठी भाषा पंधरवडाही संक्रांतीलाच सुरू होतो. दोन्ही एकत्र करा. निमंत्रणावर ‘तिळगूळ समारंभ’ लिहा आणि सगळ्या बायकांना बोलवा, विधवा बायकांना आवर्जून. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे देण्यापेक्षा एक महिन्याचं मोफत सभासदत्व द्या. कार्डावर नाव तिथल्या तिथे लिहा आणि पहिलं पुस्तक त्याच वेळी निवडायला लावा. ‘नंतर येऊन घेते’ म्हणणारी येत नाही. पुस्तकं टेबलावर मांडताना फार भरगच्च मांडू नका, पंचवीस-तीस पुरे. ढीग पाहिला की माणूस नुसता बघून जातो. वेळ साडेचारची ठेवा. सहानंतर स्वयंपाक असतो.

२७ फेब्रुवारीबद्दल थोडक्यात. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी कवितावाचन होतंच, पण त्या दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात आणि अभ्यासिकेत पोरं बसलेली असतात. ध्वनिक्षेपक लावू नका. चाळीस माणसांना माईक लागतो कशाला? जागा एकच असेल तर कार्यक्रम शाळेत न्या. अभ्यासिकेतल्या मुलांनी कुरकुर केली तर ती रास्त आहे, भाषेच्या गौरवासाठी त्यांनी गणिताचा पेपर का बुडवावा?

एप्रिलमध्ये १४ तारखेला बाबासाहेबांची जयंती. त्यानिमित्त अनेक ठिकाणी सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो आणि तो वाचनालयाइतका दुसऱ्या कुठल्या जागेला शोभत नाही. करायचा तर नीट करा. सकाळी सहाला सुरुवात, रात्री बाराला शेवट. नावनोंदणी आठवडाभर आधी. अठरा तास न जमणाऱ्यांसाठी सहा तासांचा गट ठेवा, नाहीतर नोकरीवाले आणि घरच्या बायका बाहेरच राहतात. फोन दारात पिशवीत. पुस्तक स्वतःचं आणलं तरी चालेल, स्पर्धा परीक्षेचं असलं तरी चालेल, त्यावरून हुज्जत नको. जेवण साधं ठेवा. पुरीभाजी-श्रीखंड दिलंत तर दोननंतर निम्मं सभागृह पेंगतं. आमटीभात, ताक, आणि चारला चहा. रात्री आठनंतर मुलींना घरी सोडायला कोण जाणार, हे सकाळीच फळ्यावर नावांसह लिहा. त्याशिवाय घरचे पाठवत नाहीत. विजेचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर आदल्या दिवशी तपासा. बाराला टाळ्या वाजवून फोटो काढला की संपलं असं समजू नका. त्या दिवशी ज्यांनी वाचनालयाचं पुस्तक अर्धं वाचलं, त्यांना ते तसंच घरी नेऊ द्या. सभासद नसले तरी. नाव आणि पत्ता लिहून घ्या, पुस्तक परत करायला येतील तेव्हा अर्ज पुढे सरकवा.

उन्हाळा

मे महिन्यात गावात पुण्या-मुंबईची नातवंडं येतात. ती सभासद नसतात, त्यांचे आजी-आजोबा असतात. दोन महिन्यांचं बालसभासदत्व काढा, अनामत आजोबांच्या नावावर. वेळ सकाळी आठ ते दहा. त्यानंतर पत्रा तापतो आणि पोरांचं डोकंही.

शिबिराच्या नावाखाली रंगभरण, कागदकाम आणि नाच घेणारी वाचनालयं मी पाहिली आहेत. वाईट काही नाही, पण त्यासाठी पुस्तकांची कपाटं कशाला हवीत? त्यापेक्षा शोधखेळ घ्या. चार-चार मुलांचे गट करा आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या: ‘८९१.४६३ चं कपाट, वरून तिसरा खण, डावीकडून सातवं पुस्तक, पान ४१.’ पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीचा आकडा हा. पान ४१ वर पुढची चिठ्ठी, ती चरित्रांच्या ९२० कडे पाठवते, तिथून पुढे प्राण्यांकडे ५९० मध्ये. पाच कपाटं फिरली की खेळ संपतो आणि मुलांना वाचनालयाचा नकाशा पाठ होतो. आदल्या रात्री पुस्तकं जागच्या जागी आहेत का ते बघून ठेवा. आणि बक्षीस जिंकायची अट एकच: वाटेत हाताला लागलेलं एक पुस्तक घरी न्यायचं.

व्याख्यानमालेचा मोहही याच दिवसांत होतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती परंपरा मोठी. पण लहान गावाने सात दिवस ओढू नये. तीन पुरेत. वक्त्याला विषय न विचारता पुस्तक विचारा, ‘कुठल्या पुस्तकावर बोलाल?’ आणि त्याच्या तीन प्रती आधीच मागवून ठेवा. परिचय दोन मिनिटांच्या वर गेला तर सूत्रसंचालकाला खाली बसवायचा अधिकार कार्यवाहांकडे असू द्या. गाडीभाडं आणि मानधनाचं पाकीट वक्ता निघण्याआधी द्या, ‘नंतर पाठवतो’ नको.

पावसाळा

जून-जुलैत पेरण्या, शाळाप्रवेश, वारी. मोठं काही ठेवू नका, माणसं येत नाहीत. श्रावणात मात्र दुपार मोकळी होते. पोथी ऐकायची सवय घरोघरी आहेच: एकीने वाचायचं, बाकीच्यांनी वाती वळता वळता ऐकायचं. तोच साचा घ्या, पुस्तक कादंबरीचं. आठवड्यातून दोन दुपारी, तीन ते साडेचार. वाचणारी व्यक्ती खणखणीत आवाजाची हवी, नाटकी नको. आणि थांबायचं कुठे, ते आधी पेन्सिलीने खूण करून ठेवा. नायिका दार उघडते आणि समोर कोण, इथे पुस्तक मिटायचं. बायका चिडतात. त्याच कादंबरीच्या दोन-तीन प्रती टेबलावर असू द्या. पुढच्या बैठकीला अर्ध्याजणी पुढचं वाचून आलेल्या असतात आणि बाकीच्यांना सांगू नये म्हणून त्यांना गप्प बसवावं लागतं.

१२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन, हा भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस. फोटोला हार घाला आणि मग सभासदांना कामाला लावा. पावसाने पुस्तकं ओलसर झालेली असतात, कसर लागलेली असते. त्या दिवशी दहा-पंधरा सभासदांसोबत एक कपाट रिकामं करायचं. पुस्तकं उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर उघडून उभी करा. फळ्या कोरड्या फडक्याने पुसा, डांबरगोळ्या घाला. सुटलेल्या पाठी खळीने चिकटवा. खळीत चिमूटभर मोरचूद घातला की कसर लागत नाही, पण तो विषारी असतो, म्हणून हे काम लहान मुलांना देऊ नका आणि नंतर हात धुवायला साबण ठेवा. वीस वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक अशा दिवशी हातात येतं आणि तिथेच कुणीतरी पान उघडून उभं राहतं. तसं दिसलं की काम अडलं म्हणून हटकू नका.

गणपतीच्या दहा दिवसांत वाचनालयात कार्यक्रम ठेवू नका, कुणी येणार नाही. पुस्तकं मांडवात पाठवा. मंडळाच्या पोरांना रात्रभर राखण बसावं लागतं, पत्ते आणि मोबाइल सोडून त्यांना काही नसतं. चाळीसेक पुस्तकांची पेटी द्या: गड-किल्ले, क्रिकेट, रहस्यकथा, भयकथा. भयकथा रात्री दोनला मांडवात मोठ्याने वाचल्या जातात. यादी दोन प्रतींत करा, एकीवर मंडळाच्या अध्यक्षाची सही घ्या. पेटी समईपासून आणि निरांजनापासून लांब, आणि ताडपत्री गळते त्या बाजूला नको. परत आणायची ती विसर्जनाच्या आदल्या दिवशी. विसर्जनाच्या दिवशी एकही कार्यकर्ता फोन उचलत नाही आणि पेटी गुलालात सापडते.