डिजिटल लायब्ररीत येणाऱ्याला नेमकं काय हवंय, हे कसं ओळखायचं

आधीच सांगतो, सर्व्हेने सुरुवात करू नका. "साइटवर तुम्हाला काय हवंय" असं विचारलं की लोक "सर्च सुधारा" एवढंच लिहून मोकळे होतात, आणि आपल्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा सर्च लॉग, म्हणजे लोकांनी साइटवर काय काय शोधलं त्याची आपोआप होणारी नोंद, उघडा, तो तसाही पडूनच असतो. गेल्या तीन महिन्यांत ज्या शोधांना शून्य रिझल्ट आले तेवढेच एका शीटमध्ये काढा, आयपी अ‍ॅड्रेस (शोधणाऱ्याच्या कनेक्शनचा ओळख-क्रमांक) उडवून टाका, आणि बसून एकेक ओळ वाचा. कंटाळवाणं काम आहे पण याच्याइतकं दुसरं काही शिकवत नाही.

वाचता वाचता लक्षात येतं की बऱ्याच वेळा वस्तू आपल्याकडे असते, फक्त आपण तिला वेगळं नाव दिलेलं असतं. कॅटलॉगमध्ये "दांपत्याचे स्टुडिओ छायाचित्र" असतं आणि माणूस टाइप करतो "जुना लग्नाचा फोटो", मग कसं सापडणार? दुसरा घोळ ओसीआरचा, म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं मशीनने वाचण्याचा. जुन्या इंग्रजी छपाईत एस हे अक्षर लांबट, एफसारखं दिसायचं, मशीन ते एफ म्हणूनच वाचतं, आणि शब्द पानावर असून शोधात येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2008 मध्ये जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन आणली तेव्हा अशा चुका दुरुस्त करायची सोय थेट वाचकांनाच दिली, आता ते सगळं ट्रोव्ह या त्यांच्या साइटवर आहे, आणि लोक खरंच बसून ओळीच्या ओळी सुधारतात.

लॉगमधून काय टाइप केलं ते कळतं, का केलं ते नाही. त्यासाठी माणसाच्या शेजारी बसावं लागतं. पाच-सहा जण पुरतात, फक्त सगळे आपल्याच ऑफिसातले नकोत, एखादा शिक्षक, घराण्याचा इतिहास शोधणारं कुणी, एखादा संशोधक असे वेगवेगळे घ्या. "अमुक नकाशा शोधून दाखवा" असलं काम देऊ नका, त्यांना खरंच जे शोधायचंय तेच शोधू द्या आणि आपण गप्प बसा (हे सगळ्यात अवघड). मी एकदा एका बाईंच्या शेजारी बसलो होतो, आजोबा ज्या जहाजावर कामाला होते त्याचा फोटो त्यांना हवा होता. फोटो मिनिटभरात सापडला. पुढची चार मिनिटं त्या तो छापून घरी लावता येईल का हेच शोधत होत्या, कारण खाली नुसतं "हक्क राखीव" लिहिलं होतं, कुणाचे आणि कशासाठी ते कुठेच नाही. शेवटी त्यांनी स्क्रीनशॉट काढला. आम्ही मात्र तोवर फिल्टरच्या रंगावर मीटिंगा घेत होतो!

होमपेजवरही फार जीव टाकू नका. लोक पहिल्यांदा कुठल्या पानावर उतरतात ते बघा, बरेच जण गूगलवरून थेट एखाद्या वस्तूच्या पानावर येतात, म्हणजे ही काय आहे, कधीची आहे, वापरता येईल का, हे सगळं तिथेच दिसायला हवं.

काहींना काय शोधायचंय हेच माहीत नसतं, त्यांच्यासाठी रिकामा सर्च बॉक्स म्हणजे बंद दार. डिजिटल संग्रहांचे अभ्यासक मिचेल व्हाइटलॉ यांनी 2015 च्या लेखात हाच मुद्दा मांडला होता, की आधी प्रश्न विचारायला लावू नका, संग्रहात काय काय आहे ते दाखवा. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2012 मध्ये सव्वा लाख कलाकृती मोठ्या आकारात उघडल्या आणि लोकांना त्यातून आपापले संच करू दिले, नुसतं बघत फिरणाऱ्यालाही तिथे काहीतरी करता येतं.

आणि हो, स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे किंवा स्लो नेटवाले पान उघडण्याआधीच निघून गेले तर लॉगमध्ये दिसणारच नाहीत, त्यांना मुद्दाम गाठून विचारा.

मग शून्य रिझल्टवाल्या यादीतले वरचे वीस शब्द घ्या, कॅटलॉगला समानार्थी शब्द जोडा आणि महिन्याने यादी परत काढा. काही शब्द तरीही हटणार नाहीत, म्हणजे ती वस्तू आपल्याकडे नाहीच, तिथे "काही सापडले नाही" एवढ्यावर न थांबता ती दुसऱ्या कुठल्या संग्रहात मिळेल ते लिहून लिंक द्या.